अस्सल गिऱ्हाइकाच्या मागे लागलेल्या रखवालदारास अनावृत पत्र

रा. रा. डीआरएम साहेब यांस,

स. न. वि. वि.

हे पत्र बंद पाकिटातून पाठवायचं मनात होतं. पण तुम्ही बंद केलेल्या वस्तू किती दिवस बंद राहतात ते आजवर पाहत आलोय, तेव्हा म्हटलं उघडंच पाठवावं.

आधी वाचकांना तुमची ओळख करून देतो, राग नसावा. पीसीवरचा गेम विकत घेतला की गेमच्याही आधी दारात जे उभं असतं आणि ‘डिस्क दाखवा’, ‘की टाका’, ‘इंटरनेट जोडा’, ‘हा तोच कॉम्प्युटर कशावरून?’ असं दरडावतं, ते तुम्ही, म्हणजे डिजिटल राइट्स मॅनेजमेंट. काम पायरसी रोखायचं, पगार प्रकाशकाचा, आणि झडती ज्यानं पैसे मोजले त्याची. ज्यानं मोजले नाहीत त्याची झडती घ्यायची सोयच नाही, कारण त्याच्या प्रतीतून तुम्हाला केव्हाच काढून टाकलेलं असतं. तुमचा सहवास फक्त पावती असलेल्यांच्या नशिबी. केवढं हे आमचं भाग्य!

घराणं तुमचं जुनं. १९८५ साली ब्रिटनमध्ये झेडएक्स स्पेक्ट्रम या घरगुती कॉम्प्युटरवर ‘एलिट’ हा गेम आला, तेव्हा तुमचे एक पूर्वज कॅसेटच्या डबीतच बसून आले होते. नाव लेन्सलॉक. उभ्या पट्ट्यापट्ट्यांचं, घडी घालता येणारं प्लॅस्टिकचं भिंग. कॅसेटवरून गेम लोड व्हायला कित्येक मिनिटं लागायची. तो झाला की टीव्हीच्या पडद्यावर दोन अक्षरं उमटायची, पण पार चिरफाळलेली. मग पडद्यावरची खूण भिंगाच्या मापाशी जुळवायची, भिंग पडद्यासमोर धरायचं, एक डोळा मिटायचा आणि पट्ट्यांतून ती अक्षरं ओळखायची. तीनदा चुकलं की सगळं पुसलं जायचं. कॅसेट मागे फिरवा, पुन्हा लोड करा. घरातला टीव्ही फार मोठा किंवा फार लहान असेल तर माप जुळायचंच नाही. काही डब्यांत तर भलत्याच गेमचं भिंग निघालं. पैसे मोजून आणलेल्या गेमपुढे एक डोळा मिटून बसलेलं ते गिऱ्हाईक मला तुमच्या घराण्याचं बोधचिन्हच वाटतं.

सीडीचा जमाना आला तसे तुम्ही ओसरीवरून थेट माजघरात शिरलात. तुमच्या सेफडिस्क या भावाचा ड्रायव्हर विंडोजच्या अगदी पोटात जाऊन बसायचा. २००७ मध्ये त्या ड्रायव्हरलाच असं भोक सापडलं की त्यातून मशीनचा पूर्ण ताबा मिळवता येत होता. म्हणजे घराला कुलूप लावायला आलेल्यानंच भिंत उकरून ठेवलेली. २०१५ मध्ये विंडोज १० आली आणि मायक्रोसॉफ्टनं तुम्हाला आत घ्यायचंच नाकारलं. छान झालं म्हणावं, तर तुम्ही जाताना शेकडो गेमही बरोबर नेलेत. ज्यांनी त्या काळात ओरिजिनल डिस्का घेतल्या, त्यांच्याकडे डबा आहे, पुस्तिका आहे, सीडी-की आहे, आणि गेम चालत नाही. तो चालवायला इंटरनेटवर क्रॅक, म्हणजे तुम्हाला काढून टाकलेली चोरटी फाइल, शोधावा लागतो. अस्सल मालाच्या मालकाला चोराच्या दारात उभं करायचं, ही कामगिरी खुद्द चोरांनाही जमली नव्हती.

तुमचे रशियन बंधू स्टारफोर्स यांचीही आठवण काढली पाहिजे. २००६ मध्ये स्टारडॉक कंपनीनं ‘गॅलॅक्टिक सिव्हिलायझेशन्स २’ तुमच्या कुठल्याही भावाला न घेता बाजारात आणला आणि तो बरा खपू लागला. हे बघून स्टारफोर्सच्या एका कर्मचाऱ्यानं काय करावं? त्या गेमची चोरटी प्रत कुठे मिळते, त्याचा दुवाच जाहीरपणे देऊन टाकला. नंतर कंपनीनं माफी मागितली, ते सोडा. पण आम्हाला हप्ता दिला नाहीत तर तुमचं दुकान फुटेल, असं सांगणाऱ्यांना आमच्याकडे वेगळ्या नावानं ओळखतात.

आता २००८. ‘द सिम्स’वाल्या विल राइट यांचा ‘स्पोअर’ येणार म्हणून जग वाट पाहत होतं. एका पेशीपासून सुरुवात करून अंतराळापर्यंत जायचं, असा त्याचा पसारा. प्रकाशक ईएनं त्याच्या दाराशी तुमच्या सिक्युरॉम या भावाला बसवलं. आधीचा बेत तर दर दहा दिवसांनी इंटरनेटवरून हजेरी घेण्याचा होता. त्यावर ओरड झाली तेव्हा तो मागे घेतला आणि तीन अॅक्टिव्हेशनचा नियम ठेवला. तीनदा इन्स्टॉल करा. विंडोज नव्यानं टाकली, मशीन बदललं, की त्यातलं एक गेलं. चौथ्यांदा हवं असेल तर कंपनीच्या मदत केंद्रात फोन करून आपण चोर नसल्याचं पटवून द्या. ग्रहावर जीवसृष्टी कितीही वेळा उत्क्रांत करता येत होती, गेम मात्र तीनदाच.

लोक चिडले ते अॅमेझॉनवर दिसलं. काही दिवसांत एक तारा देणारे दोन हजारांहून अधिक अभिप्राय जमले. खटला गुदरला गेला. ईएनं मर्यादा तीनावरून पाचावर नेली. आणि ज्यांना अडवण्यासाठी हा सगळा थाट, त्यांचं काय झालं? त्यांच्या हाती गेम अधिकृत तारखेच्या आधीच पडला होता, तोही तुमच्याशिवाय. टोरेंटफ्रीक या संकेतस्थळानं वर्षअखेरीला यादी काढली, तेव्हा त्या साली सर्वांत जास्त चोरला गेलेला गेम ‘स्पोअर’ निघाला, सतरा लाखांच्या आसपास डाउनलोड. तुमच्यामुळेच इतका चोरला गेला असं मी म्हणणार नाही. इतका गाजावाजा झालेला गेम तुमच्याविनाही चोरला गेलाच असता. पण तुम्ही असून कोण अडलं, एवढं मात्र सांगा.

त्याच वर्षीची तुमची दुसरी कीर्ती मला अधिक प्रिय आहे. युबिसॉफ्टच्या ‘रेनबो सिक्स व्हेगास २’ची डाउनलोड करून घेतलेली प्रत एका पॅचनंतर डिस्क मागायला लागली. डाउनलोडवाल्यानं डिस्क आणायची कुठून? कंपनीनं उपाय म्हणून अधिकृत फाइल दिली. जिज्ञासूंनी ती उघडून पाहिली, तर आत ‘रीलोडेड’ या क्रॅकर टोळीचं नाव! तुम्ही घातलेला गोंधळ निस्तरायला कंपनीनं चोरांचंच हत्यार नेऊन गिऱ्हाइकाच्या हाती दिलं होतं.

तरी युबिसॉफ्टची तुमच्यावरची माया आटली नाही. मार्च २०१० मध्ये ‘असॅसिन्स क्रीड २’ पीसीवर आला तो नवा नियम घेऊन: एकट्यानं खेळायचा गेम, पण इंटरनेट अखंड जोडलेलं हवं. जोडणी तुटली की गेम थांबणार, आणि सुरुवातीला तर शेवटच्या चेकपॉइंटपर्यंत मागे ढकलणार. पंधराव्या शतकातल्या फ्लोरेन्सच्या छपरांवरून उड्या मारणाऱ्या नायकाला, एझिओला, ब्रॉडबँडची गरज का पडावी, हे तुम्हालाच ठाऊक. पहिल्याच आठवड्याच्या शेवटी सर्व्हरवर हल्ला झाला, सर्व्हर कोसळले आणि पैसे भरलेले लोक तासन् तास बाहेर ताटकळले.

तुमचं हे नवं धोरण त्याच सुमारास महाराष्ट्रात कसं दिसलं असेल, याची तुम्हाला कल्पना नसणार. २०१० साली आपल्याकडे ब्रॉडबँडची सरकारी व्याख्याच २५६ केबीपीएस होती. मुंबई सोडली की भारनियमनाचं वेळापत्रक घरात कॅलेंडरशेजारी लागलेलं असायचं. इन्व्हर्टरवर एक वेळ पीसी चालायचा. पण इंटरनेट देणाऱ्या केबलवाल्याचा गल्लीच्या टोकाला टांगलेला स्विच वीज गेली की जायचाच. अशा वेळी ओरिजिनल घेतलेला पोरगा काळ्या पडलेल्या गेमकडे बघत बसणार, आणि फुटपाथवरून सीडी आणलेला त्याचा मित्र निवांत खेळणार. बापाकडे हट्ट करून पूर्ण किंमत मोजायला लावलेल्या त्या पोराला तुम्ही कोणता धडा दिलात, हे सांगायला नको.

आता तुमच्या बाजूचंही बोलतो, नाहीतर म्हणाल एकतर्फी झालं. पायरसी खोटी नाही. २०१३ मध्ये ग्रीनहार्ट गेम्स या दोन भावांच्या छोट्या कंपनीनं ‘गेम डेव्ह टायकून’ काढला. तुम्हाला घेतलं नव्हतं. उलट एक चोरटी प्रत त्यांनी स्वतःच टोरेंटवर सोडली. पहिल्या दिवशी २१४ जणांनी गेम विकत घेतला; खेळणाऱ्यांपैकी ९३.६ टक्के चोरट्या प्रतीवाले. त्या प्रतीत गंमत अशी की खेळणाऱ्यानं गेममध्ये उभी केलेली गेम कंपनी पायरसीनंच बुडायची. मग हेच महाभाग विचारत आले: गेममधल्या आमच्या कंपनीचं नुकसान होतंय, तिथे डीआरएमचं संशोधन करायची सोय आहे का? साहेब, तुम्हाला इतक्या कळवळ्यानं हाक मारणारे तुमच्या आयुष्यात तेवढेच.

आणि एक अभ्यासही तुमच्या खात्यावर जमा करतो. २०२४ मध्ये डेनुव्हो या तुमच्या वंशजावर झालेल्या संशोधनाचा निष्कर्ष असा, की गेम आल्यावर पहिल्याच आठवड्यात क्रॅक निघाला तर सुमारे वीस टक्के महसूल बुडतो. ही रक्कम थोडी नाही. तिच्यावर माणसांचे पगार चालतात. म्हणजे सुरुवातीला तुमचा उपयोग आहे, मान्य. पण तोच अभ्यास पुढे सांगतो की बारा आठवड्यांनंतर क्रॅक आला तर नुकसान जवळपास शून्य. मग तेराव्या आठवड्यापासून पुढची वर्षानुवर्षं तुम्ही दारात कोणासाठी उभे असता?

डेनुव्हो म्हणजे तुमची हल्लीची गादी. सिक्युरॉम ज्या सोनी डीएडीसीत जन्मला, तिच्याच ऑस्ट्रियातल्या शाखेतून हे चिरंजीव वेगळे निघाले आणि २०१४ च्या ‘फिफा १५’पासून कामाला लागले. वाडवडिलांपेक्षा हुशार, यात शंका नाही. काही गेम यांनी महिनोन् महिने शाबूत ठेवले. पण वळण घराण्याचंच. २०२१ मध्ये कॅपकॉमच्या ‘रेसिडेंट ईव्हिल व्हिलेज’च्या पीसी प्रतीत शत्रूवर गोळी झाडली की खेळ क्षणभर अडखळायचा. जुलैत क्रॅक आला, त्यात हे अडखळणं नव्हतं. गेमची तांत्रिक तपासणी करणाऱ्या डिजिटल फाउंड्रीच्या मंडळींनी दोन्ही प्रती शेजारी ठेवून तपासल्या, फरक खरा निघाला. मग कॅपकॉमनं पॅच काढला आणि पायरसीविरोधी तंत्र सुधारल्याचं सांगितलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात डेनुव्होच्या एका डोमेनपर्यंत पोचता येईनासं झालं आणि एकट्यानं, घरी, स्वतःच्या मशीनवर खेळायचे कितीतरी गेम सुरूच होईनात.

तुमच्यावाचून धंदा बसतो म्हणावं, तर पोलंडच्या सीडी प्रोजेक्टनं २०१५ मध्ये ‘विचर ३’ त्यांच्या गॉग दुकानात तुम्हाला वगळून ठेवला. डाउनलोड करा, हार्ड डिस्कवर ठेवा, नातवाला द्या. पहिल्या दिवसापासून कुणालाही त्याची नक्कल करता येत होती. त्या गेमच्या पाच कोटींहून अधिक प्रती खपल्या. प्रत्येक गेम ‘विचर ३’ नसतो, कबूल. पण प्रत्येक गेमवर तुम्ही हवेतच, असंही नाही.

रागावून बोललो असेन तर त्याचं कारण नुसता त्रास नाही. त्रास आम्ही कशाचाही सोसतो. कारण असं, की तुम्ही सर्व्हरला विचारता, आणि सर्व्हर कधीतरी बंद होणारच असतो. युबिसॉफ्टचा ‘द क्रू’ २०१४ चा. एकट्यानं खेळायचा भागही त्यात मोठा होता. ३१ मार्च २०२४ रोजी सर्व्हर बंद, आणि मागाहून लोकांच्या खात्यातून परवानाही काढून घेतला. त्यावरून रॉस स्कॉट यांनी ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम सुरू केली, आणि २०२५ च्या जुलैपर्यंत युरोपात तिच्या अर्जावर दहा लाखांच्या वर सह्या जमल्या. कॅलिफोर्नियात तर कायदाच आहे: १ जानेवारी २०२५ पासून डिजिटल दुकानदाराला गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगावं लागतं की तुम्ही वस्तू घेत नाही, परवाना घेताय.

तेव्हा मागणी साधी आहे. गेम नवा असताना तीन महिने उभे राहा, आमची हरकत नाही. त्यानंतर निघा. कधी निघणार ती तारीख गेमच्या पानावर छापा, म्हणजे घेणाऱ्याला ठरवता येईल. आणि सर्व्हर बंद करायची वेळ आली तर आधी शेवटचा पॅच काढून स्वतःला गेममधून उपटून घ्या. काही प्रकाशक तुम्हाला सहा महिन्या-वर्षानं काढतातच. त्यांचं आकाश कोसळल्याचं ऐकिवात नाही.

कळावे, लोभ आटोपता घ्यावा.

आपलं,
पावती जपून ठेवणारं एक गिऱ्हाईक

ता. क. हे वाचकांसाठी. स्टीम या ऑनलाइन दुकानातून गेम घेण्याआधी पानाच्या उजव्या बाजूची माहिती नीट वाचा. साहेब आत असतील तर बहुधा तिथे त्यांचं नाव असतं, कधी कधी अॅक्टिव्हेशनची मर्यादाही. तोच गेम गॉगवर मिळत असेल तर तिथून घ्या. आणि कुठेच मिळत नसेल, तर थोडं थांबा. सहा महिन्यांनी किंमतही उतरलेली असते, आणि नशीब असेल तर रखवालदारही गेलेला असतो.