झाकणपंत

झाकणपंतांच्या घरी गेलं की पाणी मिळायच्या आधी हुकूम मिळतो, “इथे कान लावा.” इथे म्हणजे बाल्कनीतल्या वीस लिटरच्या पांढऱ्या बादलीच्या झाकणाला. पाहुणा बिचारा चपला काढता काढता ओणवा होतो, श्वास रोखतो, काहीच ऐकू येत नाही म्हणून ओशाळतो आणि यजमानाचं मन राखायला म्हणतो, “हो, येतंय की बारीक फुस्स!” पंतांचा चेहरा पडतो. “येतंय? म्हणजे गळतंय!”

झाकणपंत हे कुणा एकाचं नाव नाही, ती एक जात आहे. घरात काहीतरी आंबवायला ठेवायचं आणि ते पिण्यापेक्षा त्याच्या झाकणाचा घोर लावून घ्यायचा, हे या जातीचं लक्षण. पुण्यात ही मंडळी टेरेसवर सापडतात, नाशकात द्राक्षांच्या मोसमात. आमचा नमुना चंडीगडचा. मोहालीचा ‘स्वराज’ ट्रॅक्टर 2007 साली महिंद्रांकडे आला, त्याच ट्रॅक्टरच्या धंद्यात पंतांची हयात गेली. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात इंजिनातून तेलाचा थेंब गळू दिला नाही, त्याच्या स्वतःच्या बाल्कनीत बादली गळावी, हे दुःख इतरांना कळायचं नाही.

बिअर करायची मात्र पंतांची छाती नाही. चंडीगडला 1914 चा पंजाब अबकारी कायदा लागू आहे, परवान्याशिवाय घरात बिअर करणं हा गुन्हा. आणि पंत रात्री बारा वाजता रिकाम्या चौकातही लाल दिव्याला थांबणारे. मुंबईत असताना थेंबही न घेता त्यांनी दारू पिण्याचा परवाना काढून ठेवला होता, ‘उगाच कुणी विचारलं तर!’ त्यांचा साडू न्यू जर्सीला असतो. अमेरिकेत 1978 साली अध्यक्ष कार्टर यांनी सही केली आणि घरगुती बिअरवरचं केंद्रीय कायद्याचं बंधन सुटलं. त्यामुळे साडू गॅरेजमध्ये उजळ माथ्याने बिअर करतो आणि व्हिडिओ कॉलवर ग्लास उंचावून दाखवतो. त्यानेच पंतांना ती वाकडी नळी पाठवली आणि एका सुखी संसाराला भोक पडलं.

या नळीला एअरलॉक म्हणतात. झाकणाला भोक पाडायचं, त्यात रबरी बूच बसवायचं आणि बुचात ही इंग्रजी ‘एस’सारखी वळलेली नळी खोचायची. वळणात थोडं पाणी. आतला वायू त्या पाण्यातून बुडबुडत बाहेर जातो, बाहेरची हवा आत येऊ शकत नाही. पाश्चरने 1860 च्या सुमाराला हंसाच्या मानेसारख्या वळवलेल्या काचेच्या चंबूत प्रयोग केले, तिथपासून पंत ही कथा सुरू करतात. पाश्चर सदाशिव पेठेत आपल्या शेजारी राहायचा अशा थाटात ते त्याचं नाव घेतात.

थंडीत काळ्या गाजरांची कांजी, उन्हाळ्यात आल्याचं फसफसतं सरबत आणि हिमाचलची सफरचंदं उतरली की व्हिनेगर, असा पंतांचा कायदेशीर वार्षिक कार्यक्रम. खालच्या मजल्यावरच्या बीजी कांजी करतात ती बरणीत. गाजरं, मोहरीची पूड, मीठ, पाणी. तोंडाला फडकं, बरणी उन्हात, रोज एकदा ढवळायचं आणि चमचाभर चाखायचं. चार-पाच दिवसांत कांजी तयार. पंतांना हे बघवत नाही. “रोज उघडतात हो!” असं ते ज्या स्वरात सांगतात, त्या स्वरात लोक शेजारच्या घटस्फोटाची बातमी देतात.

नळीतले बुडबुडे थांबले की दुसरा कुणीही म्हणेल, आंबणं संपलं असेल, नाहीतर यीस्ट मेलं असेल, नाहीतर थंडी फार आहे. पंतांचा संशय एकट्या झाकणावर. न्यायाने बोलायचं तर हा संशय बरेचदा खरा निघतो. वायू आळशी असतो. नळीतलं पाणी ढकलण्यापेक्षा झाकणाच्या कडेची केसाएवढी फट त्याला सोयीची. पण त्यात बिघडत काही नाही, हे पंतांना कोण सांगणार? एक किलो साखर पुरती आंबली तर सुमारे अडीचशे लिटर कार्बन डायऑक्साइड सुटतो. एवढा वायू बाहेर पडत असताना त्या फटीतून हवा आत यायला धजत नाही. धोका नंतरचा, सगळं शांत झाल्यावर महिनाभर तशीच बादली ठेवली तर. आंबतंय की नाही हे कळायला हायड्रोमीटर असतो, साखर कमी होईल तसा तो रसात खोल बुडतो. पंतांकडे तोही आहे, मखमली डबीत. कधी वापरलेला नाही. वापरायचा तर झाकण उघडावं लागतं.

शनिवार उजाडला की पंत बादली घेऊन इंडस्ट्रियल एरियाला निघतात. कॉर्बुझिएने शहर आखताना कारखाने पूर्वेच्या कडेला टाकले आणि वस्तीला त्यांची धग लागू नये म्हणून मधे झाडांचा पट्टा ठेवला. पंतांची स्कूटर तो पट्टा ओलांडते ती माहेरपणाला निघाल्याच्या आनंदात. फेज वनमध्ये आता एलांते मॉल झाला आहे, लोक तिकडे कपडे घ्यायला जातात. पंत मॉलकडे पाठ फिरवून मागच्या गल्लीत शिरतात, जिथे रबराच्या शीटमधून पंच मारून गास्केट कापून देणारे वृद्ध सरदारजी बसतात.

पहिल्या भेटीत सरदारजींनी विचारलं होतं, “बाऊजी, केहड़े ट्रॅक्टर दी ऐ?” पंत म्हणाले, “गाजर की है.” सरदारजींनी चष्मा पुसला. मग पंतांनी व्हर्नियर कॅलिपर काढून झाकणाच्या खाचेची रुंदी मिलिमीटरच्या दशांशापर्यंत सांगितली आणि दोघांची गट्टी जमली. सरदारजींनी मायेने सगळ्यात चिवट रबराची रिंग दिली, तेलाला दाद न देणारी. रिंग झकास बसली. कांजीला मात्र नव्या टायरचा वास आला. बीजींनी एक घोट घेतला आणि विचारलं, “पुत्तर, इसमें पंक्चर भी निकाला है?” पुढच्या शनिवारी फूड ग्रेड सिलिकॉन आलं. त्यापुढच्या शनिवारी तेच, पण जाड. जाड रिंगने झाकण एका बाजूला उचललं. मग पंतांनी झाकणावर पाटा ठेवला, पाट्यावर वरवंटा. वहिनींनी तो आठवडा चटणीविना काढला.

अखेर एका शनिवारी सरदारजींनी सगळी वर्तुळं बाजूला सारली. कपात साबणाचा फेस केला, दाढीच्या ब्रशाने झाकणावर फिरवला आणि बादलीची कूस दोन्ही हातांनी दाबली. कडेला फेस जागचा हलला नाही. मधोमध, नळीच्या बुचापाशी, टपोरा फुगा आला. बूच वाळून तडकलं होतं. झाकण निर्दोष होतं. सरदारजींनी डब्यातून नवं बूच काढलं, पाण्यात बुडवून दाबून बसवलं आणि पैसे घेतले नाहीत. पंत जाताना जरा उदास दिसले. इतक्या दिवसांच्या आरोपीला पुराव्याअभावी सोडावं लागलं होतं.

बादली आता हवाबंद झाली, आणि खरी पंचाईत इथून पुढे. मोसम व्हिनेगरचा होता. व्हिनेगर दोन पायऱ्यांनी होतं. आधी यीस्ट रसातल्या साखरेचं अल्कोहोल करतं, त्याला हवा लागत नाही. मग दुसरे जिवाणू त्या अल्कोहोलचं आम्ल करतात, आणि त्यांना हवा लागतेच लागते. म्हणजे पहिली पायरी झाली की झाकण काढून तोंडाला फडकं बांधायचं. पंतांना हे पाठ होतं. पण उभ्या हयातीत पहिल्यांदा न गळणारं झाकण लाभलेल्या माणसाने ते आपल्या हाताने काढायचं? ‘आणखी आठ दिवस राहू दे’ म्हणता म्हणता थंडी आली.

शेवटी वहिनींनीच कोशिंबिरीसाठी झाकण उघडलं. चमचाभर चाखलं. “अहो, हे आंबट नाही लागत.” जरा थांबून पुन्हा चाखलं. “पण छान लागतंय!” पंतांनी डबीतून हायड्रोमीटर काढला, पहिल्यांदाच. तो खोल खोल बुडाला. साखर सगळी संपली होती. बादलीत पाच-सहा टक्के अल्कोहोलची वीस लिटर सफरचंदाची वाइन होती, परवान्याशिवाय, लाल दिव्याला थांबणाऱ्या माणसाच्या बाल्कनीत. पंतांनी आधी बाल्कनीचा पडदा ओढला.

वहिनींनी जुन्या सुती साडीचा तुकडा घेतला आणि लोणच्याच्या बरणीला बांधतात तसा बादलीला दादरा बांधला. आधीच्या व्हिनेगरचा थोडा साका घातला. हवा लागली, जिवाणू कामाला लागले, आणि दोन-तीन महिन्यांत गुन्ह्याचं रीतसर व्हिनेगर झालं. होळीला पंतांनी साऱ्या इमारतीला बाटल्या वाटल्या. प्रत्येक बाटलीबरोबर माहिती दिली, ती झाकणाची.

तुमच्या ओळखीत असा कुणी असेल तर त्याला समजावायला जाऊ नका, साबणाचं पाणी तर सुचवूच नका. गळती सापडली की ही माणसं सुकतात. वाढदिवसाला एक सिलिकॉनची रिंग द्या, मापापेक्षा अर्धा मिलिमीटर लहान. त्याचं पुढचं वर्ष सुखात जाईल.