भाऊबंदकीला मानाचे पान

सातारा-सांगलीच्या माणसाने उघडपणे अभिमान बाळगावा असा एक ठेवा आपल्याकडे आहे, आणि त्याची म्हणावी तशी कदर होत नाही. चुलतभावाशी वैर महाराष्ट्रात कुठे धरत नाहीत? पण त्याला राज्यकारभाराची उंची मिळाली ती आपल्या कृष्णा-वारणेच्या काठी. शिवछत्रपतींच्या नातवंडांनी १७०७ ते १७३१ अशी चोवीस वर्षे हे काम नेटाने चालवले. एवढे सातत्य आपल्याकडच्या एखाद्या पाणी योजनेच्याही वाट्याला आलेले नाही.

पहिला लाभ झाला तो मोगलांना, आणि पाहुण्याचा मान आधी ठेवणे ही आपली रीतच आहे. औरंगजेब पंचवीस वर्षे दख्खनेत तळ ठोकून बसला. १७०० साली त्याने साताऱ्याचा किल्ला घेतला, तोही पुढे हातातून गेला. १७०७ च्या मार्चमध्ये तो नगरला मेला. उत्तरेकडे निघालेल्या त्याच्या मुलाला, आझमशहाला, झुल्फिकारखानाने मग काटकसरीचा मार्ग सुचवला : कैदेतल्या शाहूला सोडून द्या. फौज नको, दारूगोळा नको. सातव्या वर्षी पकडले गेलेले शाहूराजे पंचविशीत मोकळे झाले. इकडे त्यांच्या चुलती ताराबाई आपल्या मुलाला, दुसऱ्या शिवाजीला, गादीवर बसवून होत्या. पुढचे सगळे आपण स्वखर्चाने केले.

ताराबाईंनी जाहीर केले की आलेला इसम तोतया आहे. सरदारांना दूधभातावर शपथा घ्यायला लावल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये भीमेकाठी खेडला दोन्ही फौजा समोरासमोर आल्या, आणि धनाजी जाधवांना माणसाची ओळख पटली. ते शाहूंकडे गेले. पुढे १७११ मध्ये धनाजींचे चिरंजीव चंद्रसेन शाहूंकडून ताराबाईंकडे गेले, आणि तिथून निजामाकडे. एकाच घराण्याला इतक्या दरबारांची सेवा करण्याची संधी एरवी कुठे मिळते? एकच गादी असती तर कर्तबगार माणसाला फार तर एकदाच इमान विकता आले असते.

आपल्या बत्तीस शिराळ्याचे उदाहरण तर मुलांच्या पाठ्यपुस्तकात हवे. उदाजी चव्हाण तिथली गढी धरून बसले आणि त्यांनी आजूबाजूच्या मुलखाला असे सळो की पळो केले, की शाहूमहाराजांनी शिराळा आणि कऱ्हाडची चौथ त्यांना तोडून दिली. म्हणजे ज्याचा बंदोबस्त करायचा, त्याचीच नेमणूक बांधून दिली. ती चौथ कऱ्हाडच्या रयतेने भरली. छत्रपती कोण, हे तिला कुणी विचारले नव्हते. पण छत्रपती कोण हे ठरत नाही तोवरचा खर्च तिच्याकडून चोख वसूल झाला.

येसूबाईंची हकीकत मात्र थोडी थांबून सांगायला हवी. शाहूराजे सुटले तेव्हा त्यांची आई मोगलांकडे ओलीस राहिली. संभाजीमहाराजांची राणी, भोसल्यांच्या घरातली वडीलधारी बाई. रायगड पडला १६८९ मध्ये. त्या परत आल्या १७१९ मध्ये. यातली शेवटची बारा वर्षे मराठ्यांची फौज होती, सेनापती होते, पैसाही होता. पण ही फौज खेडला, साताऱ्याला, पन्हाळ्याला गुंतलेली होती, आणि घरच्या माणसाशी लढताना ती सहसा कमी पडलेली दिसत नाही. आईला सोडवणे काय, केव्हाही करता येते. चुलतभावाला खाली खेचण्याचा मुहूर्त टळला तर टळला.

१७१४ मध्ये ताराबाईंच्या बाजूच्या कोल्हापूरकरांनी या कामाची घरातल्या घरात एक शाखाही काढली. राजसबाईंनी सवत ताराबाई आणि त्यांचा मुलगा या दोघांना कैदेत टाकले आणि आपल्या मुलाला, दुसऱ्या संभाजीला, गादीवर बसवले. शाहूंना चुलतभाऊ बदलून मिळाला. वैर बदलावे लागले नाही.

आणि निजामाचा तो प्रसिद्ध प्रश्न! त्याने दख्खनची चौथ देणे थांबवले आणि अत्यंत सभ्यपणे विचारले, की तुम्हा दोघांत खरा वारस कोण? ते ठरवा, मग पैसे देतो. हवे तर निवाडा मीच करतो. संभाजीराजे त्याच्या छावणीत गेलेच होते. आपल्या घरातला निवाडा परक्याने करावा आणि तोवर आपलेच पैसे त्याच्याकडे राहावेत, यापेक्षा निःपक्षपाती व्यवस्था सुचत नाही. पुढे १७२८ मध्ये बाजीरावाने पालखेडला निजामाला पाण्यावाचून कोंडले आणि ही चांगली सोय बंद पाडली.

१७३१ चा वारणेचा तह ही या परंपरेतली एकच हळहळ वाटावी अशी गोष्ट. वारणेच्या दक्षिणेचा मुलूख कोल्हापूरकडे गेला, उत्तरेचा साताऱ्याकडे राहिला. एकाचा शत्रू तो दुसऱ्याचाही शत्रू ठरला, आणि एकाचे फुटलेले चाकर दुसऱ्याने ठेवायचे नाहीत असे कलमही आले. हे शेवटचे कलम किती निर्दय होते, याचा विचार तह करणाऱ्यांनी केलेला दिसत नाही. चोवीस वर्षे ज्यांची चूल त्यावर पेटली, त्यांनी जायचे कुठे?

सुदैवाने ताराबाई एव्हाना साताऱ्यात आल्या होत्या. १७४९ च्या डिसेंबरात शाहूमहाराज गेले. ताराबाईंनी आपला नातू म्हणून पुढे केलेला रामराजा गादीवर आला, आणि वर्षभरातच त्यांनी त्याला साताऱ्याच्या किल्ल्यावर कैद करून तोही तोतया असल्याचे सांगितले. तोवर सांगोल्याला रामराजाकडून कारभाराचे अधिकार पेशव्यांनी लिहून घेतले होते. गादी साताऱ्यात राहिली, सत्ता पुण्याला गेली. भांडायला गादी शिल्लक होती, आणखी काय हवे?

ही परंपरा राजघराण्यापुरतीच राहिली असती तर तिची एवढी आठवण काढली नसती. पण तासगाव असो, वाळवा असो की कोरेगाव, सातबाऱ्यावर चुलतभावाचे नाव नको म्हणून दहा गुंठ्यांसाठी एकर विकणारे नागरिक आजही प्रत्येक गावात भेटतात. एकजण रात्री बांध कोरतो, दुसरा सकाळी वकील गाठतो, आणि मध्यस्थी करणारा पुढारी दोघांच्याही पंगतीला जेवून जातो. तेव्हा येत्या हंगामात ऊस तुटला की आधी मोजणीची फी भरून टाका. मुलीच्या कॉलेजचे पुढच्या वर्षी बघता येईल.