भांडं बघून पाणी

आमच्या मामांकडे माणसाने पाणी मागितलं तर हाताला येईल त्या पेल्यातून मिळतं. पण प्यायला येणारा जीव माणसाखेरीज दुसरा कुणी असला की मामा आधी चष्मा शोधतात. "आधी जीव बघायचा, मग भांडं. पाणी काय, शेवटी ओततोच."

ओतूरच्या अलीकडे त्यांचा मळा आहे. ओट्यावरून विहिरीकडे जाताना सात-आठ भांडी ओलांडावी लागतात, आणि प्रत्येकाशी थांबून मामा त्याचा इतिहास सांगतात. कोंबड्यांना जर्मनची परात, तिच्यात मधोमध धोंडा. नाहीतर कोंबडी काठावर बसते आणि परात अंगावर घेते. पिल्लांना ती परात चालत नाही. पिल्लू भिजलं की गेलं, म्हणून त्यांना ताटलीत पालथी घातलेली भोकाची बरणी. चिमण्यांना येळणी, आणि त्याच येळणीत खडे, कारण मधमाश्याही येतात आणि त्यांना पोहता येत नाही. गोठ्याशेजारी दगडी डोण. बैल जाऊन ट्रॅक्टर आला, त्यालाही बरीच वर्षं झाली, पण डोण रोज भरलेली असते. ट्रॅक्टर काही पीत नाही, हे सांगायचं धाडस कुणी केलेलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी डोणीभोवतीच्या चिखलात बिबट्याचे पंजे उमटलेले दिसले. आमच्याकडे उसात बिबट्या असणं ही काही बातमी नव्हे. माणिकडोहला तर त्यांचं निवारा केंद्रच आहे. तरी मामींनी शेजारपाजार गोळा केला. मामा उकिडवे बसून पंजे बघत राहिले, मग उठून गुडघे झटकत म्हणाले, "वाकावं लागलेलं नाही त्याला. उंची बरोबर आहे डोणीची."

या सगळ्याची झळ मामींच्या फडताळाला लागते. झाकण्या जातात, बशा जातात. एकदा त्यांची लग्नातली वाटी गेली. मामींचं माहेर घोडेगावचं. वाटीवर त्यांच्या वडिलांचं नाव कोरलेलं. दोन दिवसांनी ती सापडली ट्यूबलाइटखालच्या फळीवर, पाणी भरलेली. पालीसाठी.

"माझ्या बापाच्या नावानं पाल पाणी पिते!"

"पीत नाही गं," मामा खिन्नपणे म्हणाले. "दोन रात्री जागलो. वाटीकडे ढुंकून बघत नाही. भिंतीवरचे थेंब चाटते. वाटी उगाच गेली."

तेव्हापासून ते रोज दिवेलागणीला ओंजळीने भिंतीवर पाणी शिंपडतात. रंगाचे पोपडे सुटलेत. त्याबद्दल मामींचं म्हणणं वेगळं छापावं लागेल.

आणि मग न्यू जर्सीहून ताईचा फोन आला. तिच्या मुलाने गेको पाळायला आणलाय, लेपर्ड गेको. मामींना त्यातलं 'लेपर्ड' तेवढं ऐकू आलं. त्या मटकन खालीच बसल्या. "अगं, इथं आम्ही दारं लावून बसतो, आणि तू पैसे देऊन आणलास?"

पाल आहे म्हटल्यावर मामांनी फोन ताब्यात घेतला. तासभर त्यांनी ती पिवळी, ठिपक्याठिपक्यांची पाल निरखली. "ही डोळे मिटते की! आपली मिटत नाही, जिभेने डोळा पुसते. आणि बोटं बघ, चिकटायची गादीच नाही. ही भिंत चढणार नाही. म्हणजे काठ हनुवटीच्या खाली हवा." नातवाने दुकानातून खडकासारखं दिसणारं महागडं भांडं आणलं होतं, खाचाखाचांचं. "दिसायला छान आहे रे. पण त्या खाचा रोज कोण घासणार? तुझी आई?" ताईने कॅमेऱ्याबाहेरून जोरात 'नाही' म्हटलं.

मग मामांनी निकाल दिला. खाण्याचं आणि पाण्याचं भांडं वेगळं, आणि दोघांचा स्वभाव उलटा. खायला जिवंत अळ्या, तेव्हा ते भांडं आतून गुळगुळीत, उभ्या काठाचं, चिनी मातीचं हवं. खडबडीत असलं तर अळ्या चढून पसार होतात. पाण्याचं मात्र उथळ, जड आणि आतून खरखरीत, म्हणजे खायला सोडलेला नाकतोडा आत पडला तर वर येईल. दिव्याच्या उबेपासून लांब, पेटीच्या थंड बाजूला. पाणी रोज बदलायचं. नातू तोंडाचा आ करून म्हणाला, "आजोबा, तुम्ही कधी गेको पाळलात?"

"कोंबड्या पाळल्यात," मामा म्हणाले.

जड भांड्याचा त्यांचा आदर्श म्हणजे नाणेघाटातला जकातीचा दगडी रांजण. "सातवाहनांच्या काळापासूनचा म्हणतात. उलटवला का कुणी?" पाहुणा आला की त्याला तिथे नेतात आणि शिलालेखाकडे पाठ करून रांजणाचा काठ चाचपत उभे राहतात. तिथलंच घाटघर. त्या कातळांवरची एक पाल वरद गिरी यांनी २००८ साली शास्त्राला नवी म्हणून नोंदवली आणि तिला अ‍ॅरन बाउअर या अमेरिकी संशोधकाचं नाव दिलं, हे मामांना कुणीतरी सांगितलंय. तेव्हापासून अमेरिकेचं काहीतरी देणं लागतो, असं त्यांच्या मनात आहे.

म्हणून सोमवारी मला बेल्ह्याच्या बाजाराला नेलं. बैल बघायची गर्दी सोडून आम्ही पाटे-वरवंटे मांडलेल्या बाईपुढे तासभर बसलो. मामांनी प्रत्येक खल उचलला, जमिनीवर ठेवून बोटाने ढकलला, त्यात पाणी ओतून बघितलं. शेवटी वीतभर रुंदीचा, बसका, काळ्या दगडाचा एक पसंत पडला. "आतून एका बाजूला टाकी लावून द्या, नाकतोड्याला पाय रोवता आला पाहिजे." बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी बैलांकडे बघितलं.

विमानात नग तेवीस किलोचा, त्यातले तीन किलो पालीच्या पाण्याला, म्हणून ताई फोनवर कळवळली. मी मामांना समजवायला गेलो, आणि ही पाल मुळात आपल्याच बाजूची, पाकिस्तान-अफगाणिस्तानापासून आपल्या वायव्येपर्यंतची, असं चुकून बोलून गेलो.

मामा काही बोलायच्या आत मामी आतून हात पुसत आल्या. "म्हणजे माहेर इकडचंच की तिचं." खल उचलून त्यांनी काठावरून बोट फिरवलं. "अहो, असा कोरा देतात होय? नाव घालून आणा त्याच्यावर."

पुढच्या सोमवारी आम्ही पुन्हा बेल्ह्याला. पालीचं नाव मँगो. बाईंचा मालक टाकी हातात घेऊन म्हणाला, "आडनाव काय घालू?"