उवेचा गुन्हा, डोक्याला शिक्षा
पालीत काय नि बीडात काय, पोरीच्या डोक्यात ऊ सापडली की एक हात रॉकेलच्या बाटलीकडे जातो, दुसरा कात्रीकडे. वास्तविक ऊ उडत नाही, उड्याही मारत नाही. डोक्याला डोकं लागलं की चालत पलीकडे जाते, न्हालेलं-पारोसं बघत नाही. रॉकेलनं मात्र कातडी भाजते, आणि चूल जवळ असली तर पुढचं सांगायला नको. ओल्या केसांना खोबरेल चोपडावं, मांडीवर पांढरं फडकं अंथरावं, बारीक फणी मुळापासून टोकापर्यंत ओढावी, पसारा फडक्यातच. लिखा 7 ते 10 दिवसांत फुटतात, म्हणून हे दर 3-4 दिवसांनी, निदान 2 आठवडे. ‘एवढा वेळ कुणाला?’ ऊसतोडीच्या कोपीतल्या आईनं विचारलं तर रास्तच. ओट्यावर बसून शेजारच्या पोरीच्या उवा मोजणाऱ्यांनी विचारू नये.