बांडगूळ

३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला लागलं आणि आत्याच्या परसातला आंबा आडवा झाला. दिवाळीत गेलो तर सरपणाच्या ढिगात एका फांदीला चामड्यासारख्या जाड, लांब पानांचा झुबका चिकटलेला. मुळं उघड्यावर लोंबत होती.

"ते बांडगूळ हवं तर ने हो," आत्या म्हणाली. "चुलीतसुद्धा धड जळायचं नाही."

मी दचकलो. कॉलेजची चार वर्षं मी आत्याच्याच गिरगावातल्या दोन खोल्यांत काढली होती आणि तेव्हा हा शब्द भिंतीपलीकडून एकदा ऐकला होता. कोणाबद्दल, ते विचारायचं धाडस अजून झालेलं नाही.

घरी आल्यावर कळलं, ही सीतेची वेणी. आपल्याकडची आमरी, म्हणजे ऑर्किड. बांडगूळ फांदीत मुळं खुपसून झाडाचा रस ओढतं. ही झाडाला नुसती धरून असते. पाणी पावसाचं आणि धुक्याचं, खत सालीवर साचलेल्या पाचोळ्याचं. झाडाकडून हवी फक्त जागा. म्हणजे पोटभाडेकरूच, तोही जेवणाचा डबा बाहेरून आणणारा.

फांदीचा तुकडा सुंभाने बाल्कनीच्या गजाला बांधला. शेजारच्या काकूंनी दोनदा आठवण केली, "अहो, माती घालायची राहिली." मग मी पाहुणचाराला लागलो. रोज संध्याकाळी पानांच्या बेचक्यात पाणी साचेपर्यंत फवारा, वर चहाचा चोथा. महिन्याभरात दोन पानं पिवळी पडून गळाली. कोकणात तिच्यावर चार महिने पाऊस कोसळतो, पण लगेच वाराही सुटतो. मुळं भिजतात आणि सुकतात. माझ्याकडे ती नुसतीच भिजत होती.

मग मुळांकडे बघायला शिकलो. त्यांच्यावर स्पंजासारखा थर असतो. कोरडा असला की चंदेरी दिसतो, भिजला की हिरवा. चंदेरी दिसली तर सकाळी पाणी द्यायचं, हिरवी असली तर गप्प बसायचं. सकाळचं कोवळं ऊन, दुपारी सावली, थंडीत पाणी कमी. यातलं गप्प बसणं सगळ्यांत अवघड गेलं.

तीन वर्षं तिने दोन-चार पानांपलीकडे काही दिलं नाही. बायको म्हणायची, "पाहुणी जायची कधी?" आणि २०२४च्या मेमध्ये पानांतून एक दांडा खाली उतरला. पांढऱ्या पाकळ्या, त्यांवर जांभळट गुलाबी ठिपके, वीतभर लांब गच्च वेणी. आसाममध्ये हिला कपौ फूल म्हणतात आणि बिहूत मुली केसांत माळतात.

आत्याला व्हिडिओ कॉल लावला. "अगं आत्या, हे बांडगूळ नाही. झाडावर नुसतं राहायला असतं."

आत्याने चष्मा वर सरकवून फूल नीट पाहिलं. "तूही चार वर्षं राहिलास की. एकदा तरी फुललास?"

वेणी पंधरा दिवस टिकली. ती बघून आता दोघा-तिघांना रानातून रोप काढून आणावंसं वाटतंय. त्यांना एवढंच सांगतो: हिचं बी धुळीइतकं बारीक, त्यात शिदोरी नाही. योग्य बुरशी भेटली तरच ते रुजतं, म्हणून एक रोप उभं राहायला वर्षं लागतात. उभ्या झाडावरची वेणी झाडावरच राहू द्या. पडलेली फांदी मात्र चुलीत घालण्याआधी एकदा नीट बघा.