नाव सोडून सगळं सांगते

"काल दुपारी तुमच्या दारात एमएच १२ ची गाडी उभी होती," मी म्हटलं.

शोभाताई कुंपणावरचा घेवडा काढत होत्या. विश्रामबागेत आमच्या दोघींच्या घरांच्या पाठी एकमेकींना लागून आहेत. मध्ये हे एवढं तारेचं कुंपण, तेही निम्मं वाकलेलं.

"बराच वेळ होती. दोनदा चहा झाला."

"तू माझे चहा मोजतेस?"

"कपबशांचा आवाज येतो की."

त्यांनी मागे वळून सून आसपास नाही ना ते पाहिलं आणि कुंपणाला चिकटल्या. "नाव विचारायचं नाही. नाव सोडून सगळं सांगते."

शोभाताई इथल्याच एका स्त्रियांच्या डॉक्टरांकडे तीसेक वर्षं सिस्टर होत्या. डॉक्टर कधीच गेले, दवाखान्याच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे.

"चाळिशीचा माणूस. अमेरिकेत असतो. तिकडे म्हणे नळीत थुंकी भरून पाठवली की घराणं कळतं. त्याच्या बायकोने हौसेने दोघांची पाठवली, तर न्यूजर्सीतला एक जण याचा भाऊ निघाला! बापाकडून सख्खा. तोही आपल्या सांगलीचा, आणि त्याची आईपण आमच्याच दवाखान्यातली. मग याने आईला फोन लावला. ती आधी रडली, मग रागावली, मग म्हणाली, शोभा सिस्टरना विचार."

"आणि तुम्ही?"

"मी चहा टाकला."

पुढचं मी ऐकलं तसं सांगते. तेव्हा स्पर्म बँकबिंक काही नव्हती. डॉक्टरांच्या ओळखीची हॉस्टेलवरची दोन-तीन मेडिकलची मुलं होती. सकाळी कंपाउंडर सायकलवरून जायचा आणि बाटली शर्टाच्या आत, बगलेत धरून आणायचा. गार पडली तर सगळं वाया. तासाभराच्या आत काम व्हावं लागायचं. मुलाला प्रवासखर्च म्हणून काहीतरी मिळायचं, त्याची मेस निघायची. डॉक्टर रंग आणि रक्तगट तेवढा जुळवून बघत. कधी त्यात नवऱ्याचंही थोडं मिसळत, आणि त्याला सांगत, आज रात्री बायकोजवळ राहा. म्हणजे संशयाला जागा राहते, आणि त्या जागेवर माणूस जन्म काढतो. पुढे एड्सची भीती आली, मग ताजं वापरणंच बंद झालं. सहा महिने गोठवून ठेवायचं, देणाऱ्याची पुन्हा तपासणी करायची आणि मगच वापरायचं.

"नोंद?"

"नवऱ्याची सही असलेला एक कागद. तो डॉक्टरांच्या कपाटात, आणि कपाट त्यांच्या मुलाने भंगारात घातलं."

मला हे पटलं नाही, आणि मी तसं म्हटलं. आपल्याकडे पत्रिका बघतात, गोत्र बघतात, मामेकुळापर्यंत चौकशी होते. आणि त्याच गावात एका मुलाच्या बाटलीतून चार घरांत पोरं! उद्या त्यातल्याच दोघांची सोयरीक जमली असती तर?

"त्याचा डॉक्टरांनाही घोर होता," शोभाताई म्हणाल्या. "पण तू त्या बायका बघितल्या नाहीस. दोष नवऱ्यात, रिपोर्ट आमच्या हातात, आणि सासू आमच्यासमोरच म्हणतेय, हिला बहीण आहे का धाकटी? वांझ ती ठरायची, सवत तिच्या उरावर यायची. नवऱ्याचा रिपोर्ट घरी दाखवायची एकीचीही छाती नव्हती. मग खोटं बोललो. परत वेळ आली तर परत बोलेन. आणि ऐक, त्यातही लोक हळूच विचारायचे, सिस्टर, मुलगा आपल्यातलाच आहे ना? डॉक्टर म्हणायचे, हो हो, आपल्यातलाच."

माझी भाची पुण्यात एका आयव्हीएफ सेंटरच्या लॅबमध्ये आहे, त्यामुळे आताचं थोडंफार मला ठाऊक असतं. २०२१ चा कायदा जानेवारी २०२२ पासून लागू झाला. देणारा २१ ते ५५ वयाचा हवा, बँकेने त्याचा आधार नंबर घ्यायचा, विक्री केली तर गुन्हा. आणि एका दात्याचं एकाच जोडप्याला. सिनेमातला तो विकी डोनर, २०१२ चा, शेवटी त्याची ५३ पोरं दाखवलीत. आता त्याला एका घरानंतर दुसरी नोकरी बघावी लागली असती.

"हे बरं केलं," शोभाताई म्हणाल्या.

बरंच केलं. हॉलंडचा तो जोनाथन मेयर, साडेपाचशेच्या वर पोरं त्याची. शेवटी २०२३ मध्ये द हेगच्या कोर्टाने त्याला बंदी घातली. त्याला निदान लोक नावं तरी ठेवतात. मला त्याहून भयंकर वाटलं ते डेन्मार्कच्या बँकेतल्या दात्याचं. तो बिचारा धडधाकट, मनाने चांगला. पण त्याच्या काही बीजांत कॅन्सरला आमंत्रण देणारा जनुकदोष होता, जो नेहमीच्या तपासणीत दिसत नाही. ते युरोपभर वाटलं गेलं. २०२५ च्या अखेरीस मोजणी झाली तेव्हा किमान १९७ मुलं निघाली, आणि काही दगावलीसुद्धा. एकाच्या बिजावर इतक्या घरांचा भार टाकायची गरज काय होती? बँकेला एकाच पोत्यातून विकणं सोयीचं, एवढंच.

"म्हणून म्हणते, काल आलेल्या माणसाला निदान घराण्यातले आजार तरी कळायला हवेत," मी म्हटलं. "आपल्या कायद्याने देणारे मोजले, पण मुलाने मोठेपणी नाव विचारायचा हक्क कुठे दिलाय? स्वीडनने १९८५ मध्ये दिला. ब्रिटनमध्ये एप्रिल २००५ नंतरची मुलं अठरा पुरी झाली की विचारू शकतात."

"आणि देणारा दारात उभं करेल? त्याचीही बायकापोरं असतात बाई."

हेही खरंच. देणाऱ्याचा हक्क नसतो हे आपल्या कोर्टाने सांगितलंय. २०२४ ची मुंबई हायकोर्टातली केस शोभाताईंना पाठ होती: धाकट्या बहिणीने बीज दिलं, सरोगसीने जुळ्या मुली झाल्या, पुढे नवरा-बायकोचं बिनसलं आणि नवरा म्हणाला, हिचा संबंधच काय, आई तर हिची बहीण. कोर्टाने त्याला गप्प केलं. बीज दिलं म्हणून आईपण मिळत नाही. पाच वर्षांच्या त्या मुलींना दर आठवड्याला भेटायची परवानगी आईला मिळाली. कायदा झाला. पण त्या मावशीने दिवाळीला कुठल्या घरी जायचं, हे कोर्ट कसं सांगणार?

"पूर्वीच्यांचं बरं होतं," शोभाताई म्हणाल्या. "व्यास उघड यायचे-जायचे. धृतराष्ट्राला आपण कोणाचे ते माहीत होतं."

"आणि कर्ण? त्याला कधी सांगितलं? युद्ध तोंडावर आल्यावर."

यावर त्या थोडा वेळ नुसत्या शेंगा तोडत राहिल्या. मला वाटलं, दुखावल्या. पण नाही.

"त्याने तेच विचारलं काल. देणारा कोण, हे शेवटी शेवटी. आधी विचारलं, बाबांना माहीत होतं का? त्याचे वडील चार वर्षांपूर्वी गेले. आई म्हणते त्यांना कळू दिलं नाही. मला वाटतं तिला तसंच वाटतं. पण मी बघितलंय ना. तो माणूस हाफ डे टाकून बाकावर बसायचा. कंपाउंडर शर्टातून बाटली काढत आत आला की हा पेपर तोंडासमोर धरायचा. आणि सही करताना मला विचारलं होतं, सिस्टर, नाव माझंच लागेल ना? म्हटलं, नाहीतर कुणाचं लागणार? काल हे त्याला सांगितलं. मग दुसरा चहा त्यानेच मागितला."

म्हणजे नवऱ्याने बायकोपासून लपवलं की आपल्याला कळलंय, आणि बायकोने नवऱ्यापासून लपवलं. चाळीस वर्षं एका स्वयंपाकघरात. धन्य आहे.

"आणि नाव? देणाऱ्याचं?"

"म्हटलं, आठवत नाही."

"आठवतं."

"अर्थात आठवतं. पण त्या पोराला, म्हणजे आता पोर कसला, दोन मुली आहेत. त्यांना ठाऊक नाही. हॉस्टेलचं पोर, वीस-एकवीस वर्षांचं, मेसचे पैसे हवे होते. त्याने काय पुढचं बघितलं असणार? मी शब्द दिला होता तेव्हा."

"मग हात हलवत गेला बिचारा?"

"तसा कसा जाईल? म्हटलं, साखर नाही घराण्यात, हृदयाचंही काही नाही, डोळे मात्र जपा, काचबिंदू आहे."

मी बघतच राहिले. "ताई, आठवत नाही म्हणता आणि काचबिंदू सांगता? त्याला कळलंच असणार तुम्हाला सगळं ठाऊक आहे."

"कळलं असेल. हुशार आहे. शेवटी डॉक्टरचंच रक्त."

"पण तुम्हाला काचबिंदूचं कसं कळलं? तो तर आता म्हातारपणी होतो ना?"

शोभाताईंनी पदराने चष्मा पुसला. "तुला नाव सांगितलं असतं, तर तू उद्याच केसपेपर काढून बसली असतीस आणि तपासणी होईपर्यंत त्याच्या कानांकडे बघत राहिली असतीस."

"म्हणजे सांगलीतच आहेत!"

"मी असं कुठे म्हटलं?"