टाकी फुल्ल आहे

कुठल्याही नव्या जागेबद्दल माझा पहिला प्रश्न एकच असतो: तिथे सोय कशी आहे? वेरूळ म्हटलं की लोकांना कैलास लेणं आठवतं, मला लेण्यापासून स्वच्छतागृहापर्यंतचं अंतर आठवतं. त्यामुळे मुक्ताने सेंट लुईसहून फोनवर सांगितलं, "आई, तुम्ही आलात की आरव्ही भाड्याने घेऊन कॅम्पिंगला जाऊ, संडास गाडीतच असतो," तेव्हा मी मिझुरी राज्य नकाशात न शोधताच होकार दिला.

ठिकाण होतं बेनेट स्प्रिंग, लेबनॉन नावाच्या गावाजवळ. तिथे जमिनीखालून रोज दहा कोटी गॅलनच्या वर पाणी उसळून येतं आणि दीडेक मैल वाहत जाऊन नायँग्वा नदीला मिळतं. बाहेर ऊन रणरणत असलं तरी पाणी आपलं 14 अंशांच्या आसपास, म्हणून ट्राउट मासा तिथे सुखाने राहतो. तो मूळचा तिथला नव्हे. 1880च्या दशकात मिझुरीत तो बाहेरून आणून सोडला, आणि आजही झऱ्याशेजारच्या हॅचरीत वाढवतात. उद्या किती गळवाले येतील याचा अंदाज बांधून आदल्या रात्री तेवढे मासे सोडतात. हे ऐकून आमचे हे म्हणाले, "म्हणजे पाहुणे मोजून तांदूळ धुतात!"

1930च्या दशकात, मंदीच्या काळात सरकारने बेकार तरुणांच्या हातून बांधून घेतलेला दगडी पूलही आहे तिथे. पाहिला. चांगला आहे.

आता मुख्य विषय. आरव्हीत संडासाखाली एक टाकी असते. ती किती भरली हे दाखवायला स्वयंपाकाच्या ओट्यावर चार दिव्यांची पट्टी असते. आमच्या जागेला वीज होती, पण सांडपाण्याची जोडणी नव्हती, म्हणजे जे साठेल ते निघताना डम्प स्टेशनवर नेऊन रिकामं करायचं. पहिल्याच संध्याकाळी चहा टाकताना मुक्ताने बटण दाबलं आणि चारही दिवे लागले. टाकी फुल्ल! तोवर आत गेले होते फक्त मी.

आमच्या जावयांचा, मंदाररावांचा, चेहरा पाहण्यासारखा झाला. त्यात यंदा अधिक महिना. जावई म्हणजे साक्षात नारायण, म्हणून तेहतीस अनारसे आणि चांदीचं निरांजन मी डोंबिवलीहून जिवापाड जपत आणलेलं. आता या नारायणाने सासूला संडासात जाऊ नका असं सांगायचं कोणत्या तोंडाने? बराच वेळ ते फ्रिज उघडत-मिटत राहिले. मग पाठमोरे उभे राहून म्हणाले, "मुक्ता, आईंना सांग ना, इथलं शॉवर हाउस फार सुंदर आहे. वाटेवर फुलंबिलं आहेत."

मी तीन फुटांवर बसले होते.

शॉवर हाउस टेकाडाच्या पलीकडे होतं. दिवसा ठीक, पण रात्री दहानंतर कॅम्पमध्ये शांततेचा नियम, म्हणजे ठेच लागली तरी कुजबुजत ओरडायचं. आमच्या ह्यांचं बालपण लालबागच्या चाळीत गेलं, संडास गॅलरीच्या टोकाला. मध्यरात्री एका हातात टॉर्च आणि दुसऱ्या हातात पाण्याची बाटली घेऊन ते असे उत्साहाने निघाले, की डॉलर मोजून मी ह्यांना पुन्हा लालबागला आणलं असं वाटलं. वाटेत कचऱ्याच्या डब्यावर एक रॅकून बसला होता. त्याने आमच्याकडे पाहिलं, आम्ही त्याच्याकडे. दोन्ही बाजूंचं काम तातडीचं होतं, कुणी कुणाला अडवलं नाही.

आम्ही असे येरझाऱ्या घालत असताना नातू बाजूच्या तंबूत पालथा पडून ढाराढूर झोपला होता.

सकाळी भोंगा झाल्याशिवाय कुणी गळ टाकायचा नाही असा तिथला नियम. काठावर माणसं खांद्याला खांदा लावून, दोऱ्या सावरत उभी. भोंगा वाजला तसे हे ताठ झाले. गिरणी बंद पडल्यानंतर तो आवाज त्यांनी ऐकला नव्हता. दिवसाचा परवाना मंदाररावांनी काढला होता. खालच्या भागात पिठाच्या गोळ्याचंही आमिष चालतं म्हटल्यावर ह्यांनी माझी कणीक पळवली. दुपारी एक ट्राउट लागला, अंगावर गुलाबी पट्टा आणि काळे ठिपके, इतका देखणा की मीसुद्धा सोयीचा विचार क्षणभर विसरले. पण अधिक महिन्यात मासा कोण खाणार? शेजारच्या ट्रेलरमधल्या आजोबांना देऊन टाकला.

निघायच्या सकाळी डम्प स्टेशनवर ही रांग! मंदाररावांनी हातमोजे चढवले, पाइप जोडला. जोडाचा कोपरा पारदर्शक असतो, आतून काय चाललंय ते दिसावं म्हणून. मी तोंड फिरवलं. आधी संडासाची टाकी सोडायची, मग भांड्यांच्या पाण्याची, म्हणजे त्या पाण्याने पाइप धुतला जातो. दोन्ही सोडून झाल्या. "मंदारराव, द्या इकडे, मी धुते," मी न राहवून म्हटलं. ते पाइपावर पाणी सोडत राहिले. "राहू द्या, आई. आमची आई आजारी पडली तेव्हा विमानं बंद होती. तिचं काहीच करता आलं नाही मला." एवढंच. मी नळ धरून उभी राहिले.

तेवढ्यात मुक्ता आतून ओरडली, "अजून फुल्ल दाखवतंय!"

ते ट्राउटवाले आजोबा आमच्या मागेच होते. त्यांना हसू आवरेना. टाकीच्या भिंतीला आतून खिळ्यांसारखे सेन्सर असतात, म्हणाले. त्यावर ओला कागद चिकटून बसला की रिकामी टाकीही भरलेली दिसते. आधीच्या कुणाचा तरी कागद! त्या कागदासाठी मी रात्री टेकाड चढले-उतरले होते.

गाडी परत करताना काउंटरवरच्या मुलाने बटण दाबलं, चार दिवे पाहिले आणि टाकी रिकामी न केल्याचा दंड लावला. इतका वेळ सासूपुढे गोड बोलून मंदाररावांच्या आत जे साठलं होतं, ते तिथे मोकळं झालं. इंग्रजीत सुरुवात झाली, मराठीत शेवट. असा जावई मी पूर्वी पाहिला नव्हता; मला फार आवडला. अखेर तो मुलगा टॉर्च घेऊन आत गेला, भांड्यात वाकून खोलवर पाहिलं आणि बाहेर येऊन मुकाट्याने दंड खोडला.

ह्यांनी त्याला आस्थेने विचारलं, "अनारसा खाणार?"